कळीचा चुना

गेटवर काडेपेटी काढून घेतात.
विडीचं बंडल राहू देतात, काडी नाही.
टॉवेलच्या कारखान्यात हवेतच कापूस असतो,
भुवयांवर, ट्यूबलाइटवर, डब्याच्या कडीत,
आणि अंबय्याचा धाकटा भाऊ ज्या शेडमध्ये होता
तिचं नाव इथं कुणी घेत नाही.

म्हणून रात्रपाळीचं जेवण गार.
सोळा जणांचा शिधा एकत्र शिजतो,
संध्याकाळी सहाला, गौसच्या भावजयीकडे,
आणि आम्ही बसतो रात्री दोनला.
तोवर आमटीवर तेलाची साय धरते,
भाताची वीट होते.
कडक भाकरीचं काही नाही,
ती गारच शोभते.

मी म्हटलं, आगीशिवाय तापवू.
माझी आई चुन्याच्या भट्टीवर कामाला होती.
नव्या चुन्यावर पाणी पडलं की हौद खदखदायचा
आणि आम्ही पोरं फडक्यात अंडी बांधून
काठीनं वरच्या वर धरायचो.
आई ओरडायची, डोळे जातील रे.

मल्लेशमनं दुसऱ्या दिवशी
पानटपरीवरून चुन्याच्या चार डब्या आणल्या.
सगळे हसले. मी पण.
अरे, हा विझलेला. एकदा विझलेला
पुन्हा कसा विझेल?
अंबय्या हसला नाही.

मग कळी शोधली. दगडासारखी, हलकी,
जिभेला चिकटेल अशी कोरडी (चाटू नका).
पहिलं पोतं दमट निघालं, वाटेतच मेलेलं,
पाणी ओतलं तर नुसतं कोमट झालं, ओशाळल्यासारखं.
दुसऱ्या वेळी झाकण मी तारेनं आवळलं.
मूर्खपणा. वाफेला दार लागतं.
मनगटावर घड्याळाच्या जागी
अजून डाग आहे, वेळ न दाखवणारा.

आता असं करतो:
तेलाचा पंधरा किलोचा डबा, वरच्या कडेला भोकं.
रिजेक्ट टॉवेलच्या पिशवीत तीन किलो कळी,
फार मोठी नाही, फार भुगाही नाही.
तिच्यावर आमटीचं पातेलं, झाकण सैल.
वेल्डरचा चष्मा लावून दोन तांबे पाणी, बाजूनं, हळू.
वरून जुनी चादर, मोर असलेली, दोन मोर फाटलेले.
मिनिटभर काही होत नाही.
मग आतून कुणीतरी कूस बदलतं.

पहिल्या रात्री मुकादम पळत आला, हातात वाळूची बादली,
"धूर कुठला बे?"
वाफ आहे, म्हटलं. वाकून हुंगलं त्यानं,
ओल्या भिंतीचा वास, त्याखाली लसूण.
बादली खाली ठेवली, तिच्यावरच बसला,
म्हणाला, वाटी आहे का जास्तीची?

अंबय्या मात्र लांब, बॉबिनच्या खोक्यावर,
आमच्याकडे पाठ करून गार भात खायचा.
आठ रात्री. कुणी बोलावलं नाही.
नवव्या रात्री उठून आला,
डब्याच्या कुशीला तळहात लावला
आणि काढलाच नाही, मी म्हटलं भाजेल, तरी.
खाली वाकून भोकातून बघितलं,
आत उजेड आहे का.
"निप्पु लेदु," स्वतःशीच म्हणाला. विस्तव नाही.
मग बऱ्याच वेळानं, "वेडि उंदि."
ऊब आहे.
गौसनं त्याला आमटी वाढली. शेंगाचटणीचा गोळा
त्यानं मधोमध ठेवला, रोज ठेवतो तसा.

उरलेला चुना टाकत नाही.
गार झाला की दह्यासारखा मऊ होतो.
तो शेडच्या मागच्या भिंतीला फासतो,
रोज हातभर.
दिवाळीपासून खिडकीपर्यंत पोचलोय.
जेवून तिथंच पाठ टेकतो
आणि शर्ट पांढरे करून सकाळी घरी जातो.
बायको विचारते, आज कुणी चुना लावला?
मी झटकत झटकत सांगतो,
ही मंगळवारची आमटी.